उलट्या धुराची भट्टी : वेल्डर-फॅब्रिकेटर बांधवांसाठी नवे काम

पुण्यात कबाबाची शेगडी नाही असा मोहल्ला शोधून सापडणार नाही. लष्करात बाबाजान चौकाच्या आसपास, मोमीनपुऱ्यात, कोंढव्यातील कौसरबागेत रमजानमध्ये मगरीबची नमाज झाली की रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निखारे फुलतात. या शेगड्या बनवणारे हातही बहुधा आपल्याच बिरादरीतले असतात. सकाळी पत्रा कापायला घ्यावा, चार पाय जोडावेत आणि संध्याकाळी शेगडी गिऱ्हाइकाच्या हाती द्यावी, हे काम आपल्या फॅब्रिकेटर बांधवांच्या हातचा मळ आहे. अडचण एवढीच की जे काम सर्वांना येते त्याला भाव राहत नाही. शेगडीवाला दहा दुकाने फिरतो आणि जो शंभर रुपये कमी सांगेल त्याच्याकडे काम देतो.

म्हणून या लेखात अशा वस्तूची माहिती देत आहोत, जी पाइप, प्लेट आणि वेल्डिंग यांचीच बनते, पण जिला डोके आणि हिशेब लागतो. मांस थेट आगीवर न भाजता धुरात आणि मंद आचेवर तासन् तास शिजवणारी भट्टी, म्हणजे ‘स्मोकर’. त्यातही जिच्यात धूर एका दिशेने जातो आणि उलट फिरून परत येतो अशी, ‘रिव्हर्स फ्लो’ भट्टी. आपण तिला उलट्या धुराची भट्टी म्हणू. मुळशी, पानशेत, पवना भागातील फार्महाऊस, मोठे केटरर, कबाबाशिवाय दुसरे काही देऊ पाहणारी हॉटेले हे तिचे संभाव्य गिऱ्हाईक. ही भट्टी पुण्यातील जाणत्या वेल्डरच्या आवाक्यातली आहे. मात्र यश दोन गोष्टींवर अवलंबून आहे. एक म्हणजे आतल्या एका प्लेटचे माप, आणि दुसरी म्हणजे आपण आणलेल्या लोखंडाची मागची हकिकत. पहिली चुकली तर माल परत येतो. दुसरी चुकली तर कारागिराचा जीव जातो.

एका प्लेटची करामत

धुराचा स्वाद आपल्याला नवा नाही. सालनात वाटी ठेवून तीत जळता कोळसा आणि त्यावर तूप टाकून झाकण लावायचे, हा धुंगार आपल्या घरोघरी माहीत आहे. फरक एवढाच की धुंगारात धूर पाच-दहा मिनिटे कोंडतात, या भट्टीत तो पाच ते बारा तास वाहता ठेवतात.

अमेरिकेच्या टेक्सास राज्यात ही पद्धत वाढली. तेथे जर्मन आणि चेक वसाहतवाल्यांच्या खाटिकखान्यांत मांस धुरावण्याची चाल होती. पुढे तेलविहिरींच्या भागातील वेल्डरांनी उरलेल्या जाड पाइपांपासून लोखंडी भट्ट्या जोडल्या. म्हणजे ही वस्तू मोठ्या कारखान्यांतून निघाली नाही. कामावरून सुटल्यावर उरलेल्या मालातून काहीतरी उभे करणाऱ्या आपल्यासारख्याच कारागिरांची ती निर्मिती आहे.

साध्या स्मोकरमध्ये आडव्या कोठ्याच्या एका टोकाला जळणाची पेटी असते. आग पेटीत जळते, धूर आणि उष्णता कोठ्यात शिरून मांसावरून जाते आणि दुसऱ्या टोकाच्या धुराड्यातून बाहेर पडते. यात पेटीजवळचे मांस करपते आणि लांबचे कच्चे राहते. आचारी दर अर्ध्या तासाला तुकडे इकडचे तिकडे करत बसतो.

उलट्या धुराच्या भट्टीत कोठ्याच्या खालच्या भागात एक जाड प्लेट आडवी बसवतात. पेटीकडच्या टोकाला आणि दोन्ही कडांना ती पक्की वेल्ड केलेली असते, पण दुसऱ्या टोकाला भिंतीपासून थोडी आखूड ठेवलेली असते. पेटीतून आलेला धूर आधी प्लेटखालून पूर्ण लांबी कापतो, टोकाच्या फटीतून वर येतो आणि मग मांसावरून उलट पेटीच्या दिशेने परत येतो. धुराडे त्यामुळे पेटीच्याच बाजूला येते. तापलेली प्लेट भल्या मोठ्या तव्यासारखी खालून सारखी आच देते, वरून धूर फिरतो, आणि दोन्ही टोकांच्या तापमानातला फरक बराच कमी होतो.

दुसरा फायदा आरोग्याचा आहे. शेगडीवर चरबी थेट निखाऱ्यावर पडते, भडका उडतो आणि त्या धुरातून बेंझोपायरीनसारखे घातक पदार्थ मांसावर बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने बेंझोपायरीनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले आहे. युरोपात धुरावलेल्या मांसात त्याचे प्रमाण किलोला दोन मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही. उलट्या धुराच्या भट्टीत चरबी प्लेटवर पडते, आगीवर पडत नाही. धोका पूर्ण जातो असे नाही, कारण धूर तो धूरच. पण भडक्याचा भाग टळतो. शिवाय शेगडीवाल्यासारखे तोंड निखाऱ्यांवर धरून उभे राहावे लागत नाही.

माप हिशेबाने घ्या

सुरुवातीला मध्यम आकाराची भट्टी बांधावी. २० इंची, म्हणजे बाहेरून सुमारे ५०८ मिमी व्यासाचा, ६ मिमी जाडीचा आणि ४ फूट, म्हणजे १२२ सेंमी लांबीचा एम.एस. पाइप घ्या. त्यात सुमारे २३५ लिटरची जागा मिळते. हा झाला कोठा.

जळणाची पेटी कोठ्याच्या एक तृतीयांश असावी, असा या कामातला सर्वमान्य ठोकताळा आहे. सर्व बाजूंनी ४३ सेंमीची, ६ मिमी प्लेटची चौकोनी पेटी सुमारे ८० लिटरची होते. ती येथे बरोबर बसते. पेटी लहान पडली तर थंडीच्या दिवसांत भट्टी तापत नाही. खूप मोठी झाली तर आग दाबून धरावी लागते आणि दाबलेली आग कडू धूर देते.

आता मुख्य प्लेट. ती कोठ्याच्या आतल्या तळापासून साडेबारा सेंमी उंचीवर ठेवा. त्या उंचीवर पाइपची आतली रुंदी ४३ सेंमी भरते, म्हणून प्लेटची रुंदीही तेवढीच. प्लेटखाली जो कमानीसारखा भाग उरतो त्याचे क्षेत्रफळ सुमारे ३८० चौरस सेंमी होते. धूर जेवढ्या वाटेने आला, त्याहून अरुंद वाटेने त्याला वर जायला लावले तर तो पेटीच्या दारातून उलटा बाहेर येतो. म्हणून टोकाची फट ३८० पेक्षा कमी असता कामा नये. रुंदी ४३ सेंमी आहे, तेव्हा फट १० सेंमी ठेवली की ४३० चौरस सेंमी मिळतात. याचा अर्थ प्लेटची लांबी १२२ वजा १०, म्हणजे ११२ सेंमी. ‘थोडी आखूड ठेव रे’ असे शागिर्दाला सांगून चालणार नाही. साऱ्या भट्टीचा श्वास या दहा सेंमींत आहे.

पेटीचे छप्पर प्लेटच्या पातळीला ठेवले की पेटी कोठ्याच्या तळाहून सुमारे ३० सेंमी खाली लोंबते. उष्णतेला वर चढून कोठ्यात शिरायला ते सोयीचे पडते. पेटी आणि कोठा यांच्यामधली खिडकी प्लेटखालच्या कमानीच्याच आकाराची कापावी.

धुराडे ५ इंच व्यासाचे आणि ३ फूट उंचीचे असावे. ते जाळीच्या पातळीच्या वर, पेटीकडच्या बाजूला बसवा आणि त्यावर फिरती झाकणी द्या. पेटीच्या दारात खालच्या अंगाला प्रत्येकी ५० चौरस सेंमीच्या दोन सरकत्या झडपा ठेवा. भट्टीची आच कमीजास्त करायची ती या झडपांनी. धुराड्याची झाकणी शिजवताना शक्यतो पूर्ण उघडी असावी, नाहीतर धूर आत कोंडून मांसावर काजळी बसते.

मांसाची जाळी कोठ्याच्या बरोबर मध्यावर, प्लेटच्या सुमारे १२ सेंमी वर येते.

कोणते लोखंड घ्यावे, कोणते नाही

येथे वाचकांनी घाई करू नये.

पुण्यात जुने लोखंड घ्यायला लोक मंगळवार पेठेच्या जुन्या बाजारात बुधवारी आणि रविवारी जातात. भवानी पेठ, नाना पेठेत नवा माल मिळतो. चिखली-कुदळवाडीतील भंगाराच्या गोदामांवर फेब्रुवारी २०२५ मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेने मोठी पाडापाडी केली, तेव्हा जुन्या ओळखीवर तिकडे गाडी नेण्याआधी व्यापारी आता कुठे बसतो ते विचारून घ्यावे. जुना माल घेण्यात गैर काही नाही. पण पाइपमधून आधी काय वाहत होते, ड्रममध्ये काय भरले होते, हे कळल्याशिवाय पैसे देऊ नका. पाणी किंवा हवेच्या लाइनचा पाइप चालतो. रसायनाच्या लाइनचा पाइप कितीही स्वस्त असला तरी अन्नाच्या कामाचा नाही.

दोनशे लिटरचा ड्रम हा नवशिक्यांचा पहिला मोह असतो. त्याचा पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा असतो, तापला की वाकतो आणि आच धरून ठेवत नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे डिझेल, थिनर, सॉल्व्हंट यांचा रिकामा ड्रम हा बाँबच असतो. भरलेल्या ड्रमपेक्षा रिकामा जास्त घातक, कारण आत द्रव नसला तरी वाफ उरते आणि कटरची ठिणगी पडताच ती पेट घेते. पाण्याने धुतला म्हणून असा ड्रम सुरक्षित होत नाही. पत्र्याच्या सांध्यात अडकलेला अंश कापताना तापून पुन्हा वाफ सोडतो. कीटकनाशकाचा ड्रम तर जाळून, घासूनही अन्नासाठी वापरू नये. ड्रमच वापरायचा तर खाद्यतेलाचा, आणि त्याच्या आतला लेप मोकळ्या जागेत जाळून, घासून काढल्यानंतरच.

गॅस सिलिंडर कापून भट्टी करण्याची टूम अनेक ठिकाणी दिसते. घरगुती गॅसचे सिलिंडर तेल कंपनीच्या मालकीचे असते. ग्राहकाने त्याची फक्त अनामत भरलेली असते. ते भंगारात विकणे किंवा कापणे हा कायद्याचा भंग आहे आणि जिवाशी खेळही. कोणी आणून दिले तरी हात लावू नका. गिऱ्हाईक रागावले तर रागावू द्या.

जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा, पाइप किंवा जाळी भट्टीच्या आत नको. वेल्ड करताना जस्ताचा पांढरा धूर छातीत गेला की रात्री थंडी वाजून ताप येतो, हे अनेक वेल्डरांनी सोसलेले आहे. भट्टी तापल्यावर तोच मुलामा अन्नापर्यंत पोहोचतो. जाळीसाठी ३०४ ग्रेडच्या स्टेनलेस सळ्या घ्याव्यात, नाहीतर साधी एम.एस. एक्स्पांडेड जाळी.

वेल्डिंगच्या धुराविषयीही दोन शब्द. वर उल्लेख केलेल्या संस्थेनेच २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला त्याच पहिल्या गटात घातले. पेटीच्या आत तोंड घालून वेल्ड मारण्याची वेळ या कामात येतेच. पंखा लावा, धूर तोंडापासून लांब जाईल असे बसा, मास्क वापरा. शागिर्दाला काचेशिवाय बसवू नका.

जोडणीचा क्रम

१. पाइप पाण्याच्या पातळीत आडवा ठेवा आणि मध्यरेषा आखा. दार मध्यरेषेच्या वर, सुमारे ९० सेंमी लांबीचे आखावे. आधी फक्त बिजागरीची बाजू कापा, बिजागऱ्या वेल्ड करा आणि मग उरलेल्या तीन बाजू कापा. पाइपमध्ये ताण कोंडलेला असतो. चारही बाजू एकदम कापल्या तर दार उसळून वेडेवाकडे होते आणि पुन्हा बसत नाही.

२. दाराच्या तीन कडांना एक इंची पट्टी अशी लावा की ती कोठ्यावर थोडी चढेल. धूर गळू न देण्याचे काम ही पट्टी करते.

३. दोन्ही टोकांना ६ मिमीच्या गोल प्लेटा लावण्याआधी मुख्य प्लेट आत सरकवा. तिला आधी टॅक मारा, माप पुन्हा घ्या, मगच पूर्ण वेल्ड करा. एका बाजूला सलग वेल्ड ओढू नका, दोन्ही कडांना आलटून पालटून वीतभर मारत जा. नाहीतर प्लेट पिळवटते.

४. कडांचा वेल्ड सलग, छिद्ररहित हवा. मध्ये भोक राहिले तर धूर तिथूनच वर येईल, टोकापर्यंत जाणार नाही आणि ही उलट्या धुराची भट्टी राहणार नाही.

५. सगळा कोठा पेटीच्या विरुद्ध टोकाकडे दीड-दोन सेंमी उतरता ठेवा. चरबी प्लेटवरून वाहत टोकाच्या फटीतून तळाशी पडेल. तेथे १ इंची निचरा पाइप आणि व्हॉल्व्ह लावा, खाली डबा टांगा. चरबी पेटीकडे वाहिली तर आग लागलीच म्हणून समजा.

६. पेटीच्या तळापासून ८ ते १० सेंमी वर जाड सळ्यांची जाळी ठेवा. लाकूड जाळीवर, राख खाली. हवा लाकडाच्या खालून मिळाली पाहिजे.

७. जाळीच्या पातळीवर दोन्ही टोकांना एकेक तापमापक बसवा. दाराच्या माथ्यावरचा एकच मापक शोभेपुरता असतो. मांस जिथे आहे तिथले तापमान कळायला हवे.

८. हँडल लाकडाचे किंवा स्प्रिंगच्या वेटोळ्याचे असावे. साधी सळई हात भाजते.

सव्वादोनशे किलोच्या आसपास वजन होते. पाय ५० मिमीच्या अँगलचे आणि चाके जड कामाची घ्या.

पहिली आग

आतून रंग देऊ नये. कोठ्याला आतून खाद्यतेलाचा पातळ हात फिरवा आणि दोन-तीन तास १५० ते २०० अंश सेल्सिअसवर मोकळी भट्टी चालवा. लोखंडावर काळा, कोरडा थर बसतो आणि गंज धरत नाही. पेटीला बाहेरून उष्णता सोसणारा रंग लावावा. साधा रंग पहिल्याच दिवशी जळून वास मारतो.

नंतर पावाची परीक्षा घ्या. जाळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत पावाच्या चकत्या मांडा, भट्टी तापवून दार लावा आणि अर्ध्या तासाने पाहा. सगळ्या चकत्या जवळजवळ सारख्या भाजल्या असतील तर प्लेटचे माप बरोबर आले. पेटीकडच्या काळ्या आणि पलीकडच्या पांढऱ्या असतील तर वेल्डमध्ये गळती शोधा. ही परीक्षा गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. शंभर शब्द बोलण्यापेक्षा दहा पावांच्या चकत्या जास्त माल विकतात.

जळण आणि मांस

भट्टी विकणाऱ्याला ती चालवताही आली पाहिजे, नाहीतर प्रत्येक तक्रार वेल्डरच्या दारात येते. लाकूड वाळलेले हवे. बाभूळ चांगली आच देते, आंबा, पेरू, जांभूळ, चिंच यांचा धूर सौम्य असतो. टिंबर मार्केटमधील प्लायवूडचे तुकडे, रंगवलेली चौकट, औषध मारलेले लाकूड, खोक्यांच्या फळ्या अजिबात नकोत. त्यातला गोंद आणि रसायने थेट मांसात जातात. रॉकेलने आग पेटवू नये. लाकूड वखारीतून पावती घेऊन आणा. शहरातील झाड तोडायला १९७५ च्या वृक्ष कायद्यानुसार परवानगी लागते.

आग लहान पण जिती ठेवावी. धुराड्यातून पातळ, निळसर धूर निघाला पाहिजे. दाट पांढरा धूर म्हणजे लाकूड ओले आहे किंवा हवा कमी पडते, आणि मांस कडू होणार. कोठ्याचे तापमान ११० ते १३५ अंश ठेवा. कोंबडीला तीन तासांच्या आसपास, बोकडाच्या रानेला चार ते सहा तास, म्हशीच्या छातीच्या मोठ्या तुकड्याला दहा-बारा तास लागतात. मोठ्या तुकड्याचे आतले तापमान ६५-७० अंशांवर येऊन तासन् तास अडकते. भट्टी बिघडली असे समजून लाकूड कोंबू नका. मांसातले पाणी वाफ होऊन त्याला थंड करत असते, ते ओसरले की तापमान आपोआप चढते. कोंबडी आतून ७४ अंशांपर्यंत गेल्याशिवाय वाढू नये. तयार मांस ६० अंशांच्या वर गरम किंवा ५ अंशांच्या खाली थंड ठेवावे.

एक सावधगिरी आपल्या बांधवांना विशेष सांगायची आहे. परदेशी पाककृती वाचून आलेले गिऱ्हाईक ‘ब्रिस्केट’ मागते. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीला बंदी आहे. तेव्हा म्हशीचे मांस अधिकृत कत्तलखान्यातून आलेले असावे आणि त्याची पावती दुकानात व गाडीत, दोन्हीकडे असावी. पावती नसल्याने होणारा त्रास कोणाला सांगायला नको.

खर्चाचा अंदाज

लोखंडाचे भाव रोज बदलतात, म्हणून येथे फक्त हिशेबाची रीत देतो, आकडे आपल्या बाजाराचे घाला. समजा लोखंड किलोला ६० रुपये पडले, तर २२५ किलोचे १३,५०० रुपये. कापाई, रॉड, गॅस, वीज २,५०० रुपये. दोन माणसांचे चार दिवस, दिवसाला माणशी १,००० प्रमाणे ८,००० रुपये. तापमापक, चाके, रंग, जाळी २,५०० रुपये. वाहतूक १,००० रुपये. एकूण २७,५०० रुपये. यात दुकानाचे भाडे आणि पहिल्या नगात वाया जाणारा माल धरलेला नाही. ते धरून, वर आपल्या हुन्नराची किंमत लावूनच भाव सांगावा. शेगडीच्या सवयीने मजुरीवरच माल देऊन टाकू नये. जुना पाइप वापरला तर लोखंडाचा खर्च घटतो, पण मग गिऱ्हाइकाला तसे स्पष्ट सांगावे. मालातली खोट सांगून विकणे हे आपल्या दीनने व्यापाऱ्यावर घातलेले बंधन आहे.

भांडवल कमी असेल तर दोन-तीन कारागिरांनी भागीदारीत पहिला नग काढावा. एकाची जागा, एकाचे यंत्र, एकाचा माल, आणि नफा-तोटा आधी लिहून ठेवलेल्या प्रमाणात. १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत लोहारकामासह अठरा व्यवसाय आहेत आणि हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतची मदत ठेवलेली आहे. त्याच योजनेतील कर्ज ही वेगळी बाब असून त्यावर व्याज आहे. ज्यांना व्याजापासून दूर राहायचे आहे त्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या समजून चौकशी करावी. ज्यांच्या मुलांना वेल्डिंग पद्धतशीर शिकवायचे आहे त्यांच्यासाठी औंधच्या शासकीय आयटीआयसारख्या संस्था आहेत. वेल्डरचा अभ्यासक्रम एक वर्षाचा असतो.

हवा आणि परवाना

हा भाग टाळून धंदा करू नये. मुंबई उच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबईतील हवेच्या प्रदूषणाच्या प्रकरणात लाकूड आणि कोळशावर चालणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. पाठोपाठ तेथील महापालिकेने कोळशाच्या तंदूरवाल्यांनाही नोटिसा काढल्या. बेकरी आणि तंदूर या दोन्ही धंद्यांत आपले लोक मोठ्या संख्येने आहेत. तो आदेश मुंबईचा होता, पण केंद्राच्या २०१९ च्या स्वच्छ हवा कार्यक्रमातील शहरांच्या यादीत पुणेही आहे. म्हणून दाट वस्तीतल्या हॉटेलसाठी लाकडाची भट्टी विकण्याआधी, ती जागा ज्या संस्थेच्या हद्दीत येते तिच्याकडे गिऱ्हाइकाने विचारून घ्यावे असे त्याला सांगा. ज्याने भट्टी घेतली आणि महिन्यात बंद करावी लागली, तो पुन्हा आपल्या दुकानाची पायरी चढत नाही. शहराबाहेरचे ढाबे, फार्महाऊस, लॉनवरचे केटरर हे आजच्या घडीला जास्त भरवशाचे गिऱ्हाईक आहेत. अन्न विकणाऱ्याला अन्नसुरक्षा खात्याची नोंदणी किंवा परवाना लागतोच.

भट्टी नेहमी उघड्यावर, भिंतीपासून आणि मांडवाच्या कापडापासून दूर ठेवावी. बंद खोलीत, गॅरेजमध्ये, पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून ती कधीही चालवू नये. जळत्या लाकडातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नाही आणि तो झोपेतच माणसाला संपवतो. ही सूचना मराठीत आणि उर्दूत एका पत्र्यावर लिहून प्रत्येक भट्टीला रिवेटने लावावी. कारखानदाराचे नाव त्याखाली येऊ द्या.

कुरआन शरीफच्या सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड नरम करून दिल्याचा उल्लेख आहे. त्यांना चिलखते बनवण्याबरोबरच कड्यांचे माप नीट राखण्याचीही आज्ञा झाली. लोखंडाचे काम करणाऱ्याला याहून मोठी सनद कोणती? हात आपल्याकडे आहेत, लोखंड बाजारात आहे. पहिला नग विकण्यासाठी काढू नका. तो आपल्या दुकानासमोर ठेवा, महिनाभर स्वतः चालवा, चुका त्यातच काढा. दुसऱ्या नगापासून गिऱ्हाइकाचे पैसे घ्या, आणि फट दहा सेंमी आहे की नाही ते टेप लावून स्वतः तपासा.